रिंगणातील नृत्य व त्याची बोली

भैंसा-आदिलाबादकडील वाचकांस दिवाळीत गोंड बांधवांच्या दंडारीचे रिंगण परिचित आहे. ‘ब्रेकिंग’ नामक नृत्यही रिंगणातच चालते. त्यास ‘सायफर’ म्हणतात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात कूल हर्क हा 1973 पासून तबकडीवरील नुसत्या तालाचा तुकडा, म्हणजे ‘ब्रेक’, लांबवून वाजवू लागला. त्यावर नाचणारे ते ‘बी-बॉय’ व ‘बी-गर्ल’.

प्रथम उभ्याने पावले टाकतात, ते ‘टॉपरॉक’. मग हात भुईस टेकून पाय भोवती फिरवितात, ते ‘डाउनरॉक’. पाठीवर वा डोक्यावर गरगर फिरणे ही ‘पॉवर मूव्ह’, आणि ठोक्यासरशी निश्चल होणे हा ‘फ्रीझ’. आम्हांस फ्रीझच अधिक भावतो; मल्लखांबपटूचा तोल त्यात दिसतो. डोक्यावरची गिरकी मात्र मान कमावल्यावाचून मुलांनी फरशीवर मुळीच करू नये.

पुष्कळ वडीलधाऱ्यांस हा निव्वळ हुल्लडपणा वाटतो. परंतु या मंडळींची बोली पाहा. दुसऱ्याची चाल उचलणे यास ते ‘बाइट’, म्हणजे चावा, म्हणतात. आणि त्यात मोठी नाचक्की मानतात. 2024 साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये जपानची आमी व कॅनडाचा फिल विझार्ड यांनी सुवर्णपदके मिळविली. तेथेही परीक्षकांनी तंत्राबरोबर स्वतंत्र कल्पनेचे गुण वेगळे मोजले होते.