बर्फावरचा वस्ताद

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात शिवारभर पांढरे पसरलेले दिसले, तर तो कापूस समजावा. बर्फ आपण पाहतो तो रसवंतीच्या दुकानात किंवा सरबताच्या पेल्यात. अशा ठिकाणच्या शालेय वार्षिकात बर्फावर घसरण्याच्या खेळाविषयी, आणि त्यातही त्या खेळाच्या शिक्षकाविषयी लेख कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. आमचे उत्तर असे की, हा खेळ हल्ली आपले विद्यार्थी चित्रांतून पाहतात, परदेशी जाऊन तो शिकविण्याचा व्यवसाय करता येतो असे ऐकतात, आणि घरी येऊन वडीलमंडळींस त्याविषयी विचारतात. शिवाय या खेळातील वरच्या दर्जाचा शिक्षक ज्या रीतीने तयार केला जातो, ती रीत कोणतीही विद्या शिकविण्याची इच्छा धरणाऱ्याने समजून घ्यावी अशी आहे.

प्रथम खेळाचे स्वरूप पाहू. स्की या खेळात दोन पायांस दोन लांब, अरुंद पट्ट्या बांधतात. स्नोबोर्डमध्ये दोन्ही पाय एकाच रुंद फळीवर आडवे जखडलेले असतात, आणि खेळाडू एक खांदा पुढे करून डोंगराच्या उतारावरून खाली येतो. अमेरिकेतील मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन या गृहस्थाने १९६५ सालच्या नाताळच्या दिवशी आपल्या मुलीच्या करमणुकीसाठी दोन स्की एकत्र जोडल्या. त्या खेळण्याला स्नर्फर असे नाव मिळाले, आणि आजच्या स्नोबोर्डच्या पूर्वजांत त्याची गणना होते. पुढे तेहतीस वर्षांनी, १९९८ साली, जपानातील नागानो येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये या खेळास प्रथम स्थान मिळाले.

फळीला दोन कडा असतात; एक टाचेच्या बाजूची व दुसरी पायाच्या बोटांच्या बाजूची. सारे कौशल्य या दोन कडांवर आळीपाळीने भार देण्यात आहे. उताराच्या बाजूची कड नकळत बर्फात रुतली, की शिकाऊ मनुष्य क्षणार्धात आपटतो. पडताना हात पुढे टेकण्याची माणसाची उपजत खोड असल्यामुळे नवशिक्यांची मनगटे फार दुखावतात. म्हणून चांगला शिक्षक घसरण्याआधी पडावे कसे, हे शिकवितो.

आता शिक्षक कसा होतो ते सांगतो. कॅनडा, ब्रिटन, न्यूझीलंड इत्यादी देशांत या विद्येच्या संघटना आहेत व त्यांनी शिक्षकांच्या पायऱ्या ठरविल्या आहेत. कॅनडातील संघटनेच्या अशा चार पायऱ्या आहेत. पहिली पायरी थोड्या दिवसांच्या वर्गाने व परीक्षेने गाठता येते; तिच्यावरील शिक्षक सौम्य उतारावर अगदी नवख्यांना शिकवितो. पुढील प्रत्येक पायरीस उतार अधिक उभा व विद्यार्थी अधिक जाणता होत जातो. खेळणे आणि शिकविणे यांची पारख वेगवेगळी केली जाते. यामुळे उत्तम खेळणारा मनुष्य शिकविण्याच्या परीक्षेत नापास होऊ शकतो, व तसे घडतेही.

ब्रिटिश संघटनेच्या तिसऱ्या पायरीची अट तर आमच्या विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावी. तेथे खेळाचे व अध्यापनाचे ज्ञान पुरेसे होत नाही. हिमपर्वतावरील धोके ओळखण्याचे शिक्षण घ्यावे लागते, ठराविक तास प्रत्यक्ष शाळेत शिकविल्याचा दाखला द्यावा लागतो, आणि एका परकीय भाषेतही परीक्षा द्यावी लागते. शिकणारा आपल्या भाषेत घाबरतो. त्याची भाषा शिक्षकास येत नसेल तर त्याचे भय शिक्षकास कळणार कसे? भाषेच्या तासास कंटाळणाऱ्यांनी यातून योग्य तो बोध घ्यावा.

या शिक्षणासाठी प्रवास का करावा लागतो, याचे कारण भूगोलाच्या पुस्तकात आहे. उत्तर गोलार्धात हिवाळा साधारणतः नोव्हेंबर ते एप्रिल टिकतो. त्या वेळी कॅनडात किंवा आल्प्स पर्वतात बर्फ असते. आपल्याकडे मृगाचा पाऊस पडू लागतो, तेव्हा न्यूझीलंडमध्ये हिवाळा सुरू होतो. म्हणून वरची पायरी लवकर गाठू पाहणारे तरुण एका वर्षात दोन हिवाळे साधतात. अर्धे वर्ष एका गोलार्धात व अर्धे दुसऱ्यात, असा त्यांचा क्रम असतो. सकाळी स्वतः शिकावे, दुपारी लहान मुलांस शिकवावे, संध्याकाळी आपल्या हालचालींची चित्रे पाहून दोष शोधावेत, अशी दिनचर्या अनेकांची असते. दुरून जी सहल दिसते, ती जवळून पाहिली असता कष्टाची उमेदवारी असते.

वरच्या पायरीवर नेमके काय बदलते? खालच्या पायरीचा शिक्षक ‘असे करा’ म्हणून करून दाखवितो. वरच्या पायरीचा शिक्षक उताराच्या पायथ्याशी उभा राहून शिकणाऱ्याकडे पाहत राहतो. विद्यार्थी वळणावर पडला, हे सर्वांसच दिसते. तो का पडला, हे त्याला दिसते. दोष पायात दिसत असला, तरी त्याचे मूळ पुष्कळदा नजरेत असते. मनुष्य भीतीने आपल्या पायांकडे पाहतो, त्यामुळे मान झुकते, खांदे वळतात, भार मागे जातो आणि फळी हाताबाहेर जाते. जाणता शिक्षक पाच दोष सांगत बसत नाही. तो एवढेच म्हणतो, “समोरच्या झाडाकडे पाहा,” आणि एका वाक्याने चार दोष आपोआप नाहीसे होतात. ही दृष्टी मिळविण्यासाठीच ती सारी वर्षे खर्ची पडतात.

आपल्या प्रांतास ही गोष्ट नवीन नाही. मल्लखांबावर एरंडेल चोळलेले असते. साधी आढी घालणारा मुलगा घसरतो तेव्हा त्याची पकड कोठे सैल पडली, हे आखाड्यातील वस्ताद लांबून ओळखतात. शेजारच्या अमरावतीस १९१४ साली वैद्य बंधूंच्या प्रयत्नाने श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झाले, आणि व्यायामाचे शिक्षक तयार करणे हे त्या संस्थेने आपल्या कार्याचे मोठे अंग मानले. १९३६ साली बर्लिन येथील ऑलिंपिकच्या प्रसंगी त्या मंडळाचे पथक समुद्र ओलांडून गेले व त्याने तेथे कबड्डी आदी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. वऱ्हाडच्या मातीत तयार झालेली माणसे परदेशी आपली विद्या घेऊन गेली, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांस ठाऊक असलीच पाहिजे.

दुसरे उदाहरण हिमालयातील आहे. तेनसिंग नोर्गे यांनी २९ मे १९५३ रोजी एडमंड हिलरी यांच्यासह एव्हरेस्टचे शिखर गाठले. जगातील सर्वांत उंच जागी उभ्या राहिलेल्या त्या पुरुषास पर्वतारोहणात शिकावयाचे ते काय उरले, असे कोणीही म्हणेल. परंतु दार्जिलिंग येथे पर्वतारोहणाची शाळा काढावयाचे ठरले, तेव्हा १९५४ साली तेनसिंग आणि त्यांचे सहा शेर्पा सहकारी स्वित्झर्लंडला गेले, आणि तेथे आर्नोल्ड ग्लाटहार्ड या स्विस मार्गदर्शकाच्या हाताखाली त्यांनी शिक्षकाचे शिक्षण घेतले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हिमालयीन पर्वतारोहण संस्था सुरू झाली व तेनसिंग तेथे प्रत्यक्ष शिक्षणाचे प्रमुख झाले. एव्हरेस्टवरून उतरलेला मनुष्य पुन्हा विद्यार्थी होतो, यात आम्हांस त्याच्या चढाईइतकाच मोठेपणा दिसतो.

पालकांसाठी दोन शब्द. आपल्या मुलाने किंवा मुलीने असा मार्ग धरण्याची इच्छा दाखविल्यास ती हसण्यावारी नेऊ नये. परंतु डोळे झाकून पैसाही भरू नये. आरंभ देशातच करावा. काश्मीरमधील गुलमर्ग व उत्तराखंडातील औली येथे बर्फावरचे खेळ शिकता येतात. परदेशी जाण्यापूर्वी, मिळणारे प्रमाणपत्र कोणकोणत्या देशांत मानले जाते, वर्गाच्या शुल्कात काय येते व काय येत नाही, आणि अपघाताचा विमा उतरविला आहे किंवा नाही, हे लेखी विचारून घ्यावे. शिक्षकाचे प्रमाणपत्र निराळे व त्या देशात नोकरी करण्याचा परवाना निराळा, हेही ध्यानात असावे. पहिले मिळाले म्हणजे दुसरे मिळतेच असे नाही. बर्फाचे काम हंगामी असते, तेव्हा उरलेल्या महिन्यांचा विचारही आधीच झालेला बरा.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी बहुतेकांच्या पायास ती फळी कधी लागणारही नाही. तरी वर्गात जो मुलगा गणितात पुढे आहे, त्याने शेजारच्या मित्रास एक उदाहरण समजावून देऊन पाहावे. उत्तर सांगून टाकणे सोपे असते. मित्र कोणत्या पायरीवर अडला ते शोधून काढण्यास वेळ लागतो, धीर लागतो, आणि आपण स्वतः ते गणित कसे शिकलो याची आठवण ठेवावी लागते. ज्यास हे साधले, तो वस्तादाच्या पहिल्या पायरीवर चढला असे आम्ही समजतो.