‘घोडा’ जेव्हा ट्रेलरला सोडत नाही...

न्हावा शेवा बंदराकडे जाणारे कंटेनर ट्रेलर नवी मुंबई, पनवेल आणि उरणच्या रहिवाशांच्या रोजच्या पाहण्यातले. दुरून एकच अजस्र वाहन भासणाऱ्या या ट्रेलरचे प्रत्यक्षात दोन भाग असतात. इंजिन आणि केबिन असलेल्या पुढच्या भागाला चालक मंडळी ‘घोडा’ म्हणतात. मागचा भाग मालाचा भार वाहणारा ट्रेलर. ट्रेलर यार्डात उभा करायचा आणि घोडा दुसऱ्या फेरीला न्यायचा, ही या व्यवसायातील मोठी सोय. मात्र कधीकधी लिव्हर कितीही ओढला तरी घोडा ट्रेलरला सोडत नाही. अशा वेळी घाईत झालेली एखादी चूक चालकाच्या किंवा क्लीनरच्या जिवावर बेतू शकते.

पाचवे चाक कशासाठी?

या दोन भागांना जोडणाऱ्या यंत्रणेला ‘फिफ्थ व्हील’ म्हणजे पाचवे चाक म्हणतात. घोडागाडीचा पुढचा आस वळावा म्हणून तिच्या सांगाड्याखाली एक आडवे चाक बसवीत. चार चाकांखेरीजचे म्हणून ते पाचवे. डेट्रॉइट येथील लोहार ऑगस्ट फ्रुहॉफ यांनी १९१४ मध्ये एका लाकूड व्यापाऱ्याची होडी वाहून नेण्यासाठी फोर्ड मोटारीला जोडायचा ट्रेलर तयार केला आणि अशा मालवाहतुकीला चालना मिळाली. आजचे पाचवे चाक म्हणजे नालेच्या आकाराची जाड पोलादी तबकडी. ट्रेलरच्या तळाशी असलेली, साधारणतः २ इंच व्यासाची ‘किंगपिन’ मागच्या बाजूने तिच्या खाचेत शिरते आणि पोलादी जबडा तिला पकडून ठेवतो. भरलेल्या ४० फुटी कंटेनरचे वजन सुमारे ३० टनांपर्यंत जाते. ते ओढण्याचा सारा ताण या एका खुंटीवर असतो.

अडते कुठे?

दारावर दाब असताना कडी सरकत नाही. दार किंचित रेटून धरले की ती सहज निघते. येथेही तसेच घडते. चढावर गाडी थांबली की ट्रेलर मागे खेचला जातो, किंगपिन जबड्यावर घट्ट दाबली जाते आणि लिव्हर हलत नाही. घोडा आणि ट्रेलर सरळ रेषेत नसणे, जमीन उंचसखल असणे, तबकडीवरचे ग्रीस वाळून त्यात चिखल बसणे, पावसाळ्यात गंज चढणे, ही अन्य कारणे. काही वेळा तर लिव्हरचा सुरक्षा खटका उघडायचाच राहून गेलेला असतो.

उपाय : ताकद नव्हे, क्रम

प्रथम गाडी सपाट आणि टणक जमिनीवर, शक्यतो सरळ रेषेत आणावी. ट्रेलरचे ब्रेक लावून चाकांना पुढे-मागे लाकडी ठोकळे द्यावेत. हवेच्या दाबावर चालणाऱ्या काही जुन्या ब्रेकमधील हवा कालांतराने निघून जाते आणि पकड सुटते. म्हणूनच ठोकळे टाळू नयेत. त्यानंतर घोडा अगदी हळू मागे रेटावा आणि तो दाब कायम असतानाच त्याचा हँडब्रेक लावावा. यामुळे जबड्यावरचा ताण निघून जातो.

मग ट्रेलरचे पाय जमिनीला भक्कम टेकेपर्यंत खाली घ्यावेत. ट्रेलर भरलेला असल्यास आणखी थोडे फिरवून काही भार पायांवर घ्यावा. मात्र ट्रेलर तबकडीवरून उचलला जाता कामा नये. हवेच्या नळ्या आणि विजेची केबल काढावी, खटका उघडावा आणि बाजूला उभे राहून लिव्हर ओढावा. तो पूर्ण बाहेर येऊन तेथेच राहिला याची खात्री झाल्यावरच घोडा हळूहळू पुढे न्यावा. तबकडी ट्रेलरखालून बाहेर पडताच, घोड्याची चासी अद्याप ट्रेलरखाली असतानाच थांबावे आणि पायांनी भार पेलला आहे ना, ते पाहावे. पाय खचले तर ट्रेलर जमिनीवर न आदळता चासीवर टेकतो.

पहिल्या प्रयत्नात लिव्हर सुटला नाही, तर पुन्हा किंचित मागे रेटून हाच क्रम करावा. तरीही उपयोग न झाल्यास किंगपिन वाकलेली किंवा जबडा झिजलेला असण्याची शक्यता असते. तेव्हा मेकॅनिकला बोलावणे हाच मार्ग.

हे मात्र करू नये

ट्रेलरखाली शिरून जबड्यावर हातोडा मारणे, एकाने गाडी रेटत असताना दुसऱ्याने मध्ये उभे राहून लिव्हर ओढणे, दुसऱ्या वाहनाला साखळी बांधून हिसका देणे, हे प्रकार जीवघेणे ठरू शकतात. अडकलेली पिन सुटते ती एका क्षणात आणि त्या क्षणी बाजूला होण्यास वेळ मिळत नाही. ब्रेक न लावता केबिनमधून उतरणे तितकेच धोक्याचे.

तबकडी नियमित स्वच्छ करून ताजे ग्रीस लावणे आणि जोडणीच्या वेळी जबडा पूर्ण बंद झाल्याची नजरेने खात्री करणे, एवढ्याने बरेचसे प्रसंग टळतात. फेरीची वेळ गाठण्याच्या दडपणाखाली नेमकी हीच कामे मागे पडतात. रस्त्याकडेला ट्रेलर सोडविण्याची धडपड सुरू दिसली, तर इतर वाहनचालकांनीही हॉर्न वाजवून घाई करण्याऐवजी दूर थांबावे. तेथे वाचणाऱ्या दहा मिनिटांपेक्षा घोडा आणि ट्रेलर यांच्यामध्ये उभ्या असलेल्या माणसाचा जीव मोलाचा आहे.