डोंगरी बूट

डोंगरी बूट म्हणजे तीव्र उताराच्या, खडकाळ प्रदेशात ओझ्यासह चालण्यासाठी बनविलेली, घोटा झाकणारी व जाड सोलची पादत्राणे होत. आल्प्स, रॉकी पर्वत, न्यू झीलंड आदी ठिकाणी डोंगरी शिकारीसाठी असे बूट वापरले जातात. भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांमुळे वन्यप्राण्यांची शिकार बंद झाली. कोल्हापूर जिल्ह्यातील दाजीपूरचे जंगल संस्थानकाळी शिकारीसाठी राखीव होते. १९५८ मध्ये ते गव्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि आज राधानगरी वन्यजीव अभयारण्य या नावाने ओळखले जाते. शिकारी गेला, पण कडे, घळी आणि निसरड्या वाटा तशाच आहेत. वनरक्षक, वनस्पतींचे अभ्यासक आणि हजारो हौशी डोंगरयात्री यांच्यापुढे पादत्राणे निवडण्याचा प्रश्न आजही असतो.

रचना

आल्प्समध्ये रानबकऱ्यांमागे जाणारा शिकारी दिवसभर आडव्या उतारावर चालतो आणि परतताना त्याच्या पाठीवर मांसाचे जड ओझे असते. त्याच्या बुटाची रचना या गरजेतून घडली आहे. आतील व बाहेरील सोल यांच्यामध्ये नायलॉन किंवा पोलाद यांची ताठ पट्टी असते. त्यामुळे बुटाची केवळ कड खडकाच्या अरुंद पायरीवर टेकली तरी सोल वाकत नाही आणि पोटरीवरचा ताण कमी होतो. घोट्याभोवतीची उंच कॉलर पाय मुरगळण्याचा धोका काहीशी कमी करते, तर बुटाच्या खालच्या भागाभोवती असलेली रबराची पट्टी चामड्याला खडकाच्या घर्षणापासून वाचवते. जर्मन बूटनिर्माते ताठपणानुसार ‘ए’ ते ‘डी’ असे वर्ग पाडतात. ‘ए’ वर्गातील बूट साध्या वाटांसाठी, तर ‘डी’ वर्गातील हिमभिंती चढण्यासाठी असतो. डोंगरी शिकारीचे बूट बहुधा ‘बी’ व ‘सी’ यांच्या दरम्यान येतात.

सोलच्या इतिहासात एक दुर्घटना महत्त्वाची आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गिर्यारोहक खिळे ठोकलेले जड चामडी बूट घालून पायथ्यापासून चढत आणि कड्याशी आल्यावर पातळ तळाचे हलके जोडे घालत. १९३५ मध्ये इटालियन आल्प्समधील पुंता रासिका येथे हवामान अचानक बिघडले आणि अशा हलक्या जोड्यांत अडकून पडलेले सहा गिर्यारोहक थंडीने मृत्युमुखी पडले. त्यांचा सहकारी विताले ब्रामानी याने खडक आणि बर्फ या दोन्हींवर चालेल असा खोल खाचांचा रबरी सोल तयार केला. १९३७ मध्ये आलेला हा सोल त्याच्या नाव-आडनावांच्या आद्याक्षरांवरून ‘व्हिब्रम’ म्हणून प्रसिद्ध झाला. १९५४ मध्ये के-टू शिखर सर करणाऱ्या इटालियन मोहिमेच्या बुटांनाही हाच सोल होता.

सह्याद्रीचा खडक आणि पाऊस

आल्प्ससाठी योग्य ठरलेला बूट सह्याद्रीत जसाच्या तसा उपयोगी पडेल असे नाही. येथील डोंगर लाव्हारसाच्या थरांनी बनलेले असून मुख्य खडक काळा बेसॉल्ट होय. पन्हाळा, मसाई पठार यांसारख्या माथ्यांवर त्याच्यावर जांभ्याचे कवच आहे. कोरडा कातळ पायाला उत्तम पकड देतो. उन्हाळ्यात खरी अडचण घसाऱ्याची असते. सुटा मुरूम आणि बारीक खडी यांनी भरलेल्या उतारावर खोल खाचांचा सोल आणि भक्कम टाच लागते. पावसाळ्यात मात्र त्याच कातळावर शेवाळ धरते. अशा जागी सोलच्या खाचांपेक्षा रबराचा मऊपणा अधिक मोलाचा असतो. मऊ रबर खडकाच्या बारीक खडबडीत पृष्ठाला चिकटते. कठीण रबर दीर्घकाळ टिकते, पण ओल्या कातळावर काचेसारखे सरकते. टिकाऊपणा पाहून बूट घेणारा येथेच फसतो. अर्थात दाट शेवाळावर कोणतेही रबर पूर्ण भरवशाचे नाही.

जलरोधक पडद्याविषयीही असाच गैरसमज आढळतो. आतून घामाची वाफ बाहेर सोडणारा आणि बाहेरचे पाणी अडविणारा पडदा थंड, हिमाच्छादित प्रदेशात उपयुक्त असतो. गगनबावडा किंवा आंबा घाटाच्या पावसात पाणी बुटाच्या तोंडातूनच आत येते, ओढे तर गुडघाभर असतात. एकदा आत आलेले पाणी हा पडदा बाहेर जाऊ देत नाही आणि भिजलेला बूट दिवसभर जड राहतो. म्हणून पावसाळी पदभ्रमणासाठी पाणी लगेच निथळणारा, जाळीदार कापडाचा बूट अधिक सोयीचा होय. १६६० मधील शिवाजी महाराजांच्या पन्हाळा ते विशाळगड प्रवासाच्या स्मरणार्थ दरवर्षी जुलैमध्ये पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंती होते. सुमारे ५० किलोमीटरांच्या या वाटेवर चिखल, भातखाचरांचे बांध, ओढे आणि कातळ असे सर्व काही लागते. अशा ठिकाणी कडक, जड शिकारी बूट हा अनाठायी खर्च आणि पायांना अकारण शिक्षा ठरतो.

उंच कॉलरचा एक लाभ मात्र सह्याद्रीतही आहे. कोकणात आणि घाटाच्या परिसरात आढळणारे फुरसे दगडांखाली व पालापाचोळ्यात दडते आणि आकाराने लहान असल्याने त्याचा दंश बहुधा पाऊल वा घोट्याजवळ होतो. जाड, उंच बूट त्यापासून काही अंशी संरक्षण देतो. जळवांना मात्र तो रोखू शकत नाही. त्या नाडीच्या छिद्रांतूनही वाट काढतात.

कोल्हापुरी वहाण

या भागातील पारंपरिक पादत्राण म्हणजे बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेल्या चामड्याची कोल्हापुरी चप्पल. ती चामड्याच्याच वादीने शिवली जाते, तीत खिळा नसतो. तिच्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांचा समावेश आहे. कापशी, पुकरी, बक्कलनाली हे तिचे काही प्रकार. कोरड्या माळावर, काट्याकुट्यांत आणि तापलेल्या मुरुमावर तिचा जाड तळ पायाचे उत्तम रक्षण करतो. ओल्या कातळावर मात्र ती धोकादायक असते. गुळगुळीत चामडे घसरते, भिजून फुगते आणि टाचेमागे पट्टा नसल्याने उतारावर पाऊल पुढे निसटते. तिच्या अभिमानाखातर ती घालून कडे उतरू नयेत.

निवड व माप

बूट संध्याकाळी विकत घ्यावा, कारण दिवसभराच्या चालण्याने पाऊल थोडे सुजते. प्रवासात वापरावयाचे मोजे घालूनच माप पाहावे. नाडी आवळून दुकानातील पायरीवर किंवा उतरत्या फळीवर उभे राहावे. बोटे पुढे टेकत असतील तर बूट लहान आहे. डोंगरात नखे काळी पडतात ती चढताना नव्हे, उतरताना. पुढे अंगठ्याएवढी मोकळी जागा हवी आणि चालताना टाच उचलली जाता कामा नये. टाच हलली की तेथे फोड येतो. सुती मोजे घाम धरून ठेवतात व त्वचा मऊ पाडतात, म्हणून लोकरी किंवा कृत्रिम धाग्यांचे मोजे बरे. नवा बूट लांबच्या वाटेवर प्रथमच घालू नये. चामडी बुटाला पायाच्या आकाराशी जुळण्यास अनेक दिवस लागतात, कापडी बूट मात्र लवकर सरावतो.

निगा

भिजलेला बूट चुलीजवळ किंवा कडक उन्हात वाळवू नये. चामडे तडकते आणि गोंद सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे भरून तो सावलीत ठेवावा व बोळे ओले झाले की बदलावेत. अनेक बुटांच्या सोलमधील मऊ थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतील आर्द्रतेने हा पदार्थ हळूहळू विघटित होतो, मग बूट वापरलेला असो वा नसो. दमट हवेत काही वर्षे माळ्यावर पडून राहिलेला, दिसायला नवा कोरा बूट भर डोंगरात सोल सोडतो, तो यामुळेच. म्हणून जुना जोड नेण्यापूर्वी सोल हाताने वाकवून पाहावा, कडेला भेगा किंवा भुगा दिसल्यास तो बाद करावा. वाटेतच सोल सुटल्यास बुटाभोवती घट्ट बांधण्यासाठी पिशवीत दोन-तीन मीटर मजबूत दोरी असावी.