बंद इंजिनाची कॉन्टेसा मी का घेतली



मागच्या व्हिडिओत माझ्या पाठीमागे शेडमध्ये उभी असलेली काळी कॉन्टेसा दोन सेकंद दिसली आणि मूळ विषय राहिला बाजूला. मी सांगत होतो खेळत्या भांडवलाबद्दल आणि फोन येतायत ते "सर, गाडी कितीला पडली?" म्हणून. ठीक आहे, आज गाडीबद्दलच बोलू. खरं सांगायचं तर खेळतं भांडवल अडकलं की काय होतं हे मला बीबीएच्या पुस्तकापेक्षा कॉन्टेसानेच जास्त शिकवलं. एका नाही, दोन कॉन्टेसांनी.

ज्यांनी ही गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत साठच्या दशकात मसल कार आली. मध्यम आकाराच्या गाडीत मोठं व्ही-एट इंजिन बसवायचं आणि तरुण पोराला परवडेल अशा किमतीत विकायचं, असा तो हिशोब. १९६४ची पॉन्टिअॅक जीटीओ ही त्यातली पहिली असं बरेच जण मानतात. आपल्याकडे तसलं काही नव्हतं. पण हिंदुस्थान मोटर्सने ऐंशीच्या दशकात इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल गाडीच्या साच्यावरून कॉन्टेसा काढली. लांब बॉनेट, रुंद बसकी बॉडी, ताकद मागच्या चाकांना. दिसायला थेट तालमीतला पैलवान! आत मात्र सुरुवातीला अॅम्बेसेडरचंच दीड लिटरचं इंजिन, जेमतेम पन्नास हॉर्सपॉवरचं. म्हणजे पैलवान जिना चढताना धापा टाकतोय असा प्रकार. पुढे इसुझूचं १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन आलं तेव्हा गाडीला जरा दम आला. २००२च्या आसपास गाडी बंद झाली. आमच्या पिढीने लहानपणी ही गाडी साहेबांची, पुढाऱ्यांची, नाहीतर सिनेमातल्या व्हिलनची म्हणून पाहिली. म्हणूनच आता तिशी-पस्तिशीत आल्यावर हात शिवशिवतात.

पहिली कॉन्टेसा : सत्तर हजारांची "लॉटरी"

२०२१ सालची गोष्ट. माझं गाड्यांच्या अॅक्सेसरीजचं दुकान आहे हे तुम्हाला माहीत आहेच. एका ओळखीच्या एजंटाने सांगितलं, सत्तर हजारात कॉन्टेसा आहे, चालू आहे, रंग चकाचक. मी गेलो, सेल्फ मारला, इंजिन लागलं. तिथेच माझं डोकं बंद पडलं. सत्तर हजार रोख मोजले, नऊ हजार देऊन गाडी टेम्पोवर घालून आणली. पुढच्या महिन्यात टिंकरला अडतीस हजार दिले. एकूण १ लाख १७ हजार.

मग नाव बदलायला आरटीओत गेलो. आरसीवरचा मालक वारून कितीतरी वर्षं झालेली. गाडी मधल्या तीन हातांतून नुसत्या सह्यांच्या फॉर्मवर फिरलेली. वारस तीन गावांत, त्यातल्या दोघांचं आपसात बोलणं नाही. वर, आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल इंजिन. इंजिन बदललं तर त्याची परवानगी घेऊन आरसीवर नोंद करावी लागते, ती कुणी केलीच नव्हती. आमचे मिस्त्री, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "भावा, आधी कागद दाखव, मग बॉनेट उघडतो."

आठ महिने फेऱ्या मारल्या. शेवटी ती गाडी सुट्या भागांसाठी बावन्न हजाराला गेली. पासष्ट हजारांचा सरळ तोटा. पण खरा तोटा तो नव्हता. ते पैसे मी कुठून काढले होते? मे महिन्यात, काउंटरमधून. आमच्या धंद्यात जून म्हणजे वायपर ब्लेड, बाईक कव्हर, रबरी मॅट. वर्षाची कमाई त्या सहा आठवड्यांत ठरते. त्या वर्षी माल भरायला पैसेच नव्हते. गिऱ्हाईक दारात आलं आणि समोरच्या दुकानात गेलं. दुकानाचा हिशोब माझी बायको बघते. ती एका शब्दाने काही बोलली नाही. फक्त जूनचं पान माझ्यासमोर उघडून ठेवलं आणि चहा करायला निघून गेली.

मित्रांनो, बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या वेळी उलटं चाललो

गाडीचं वेड काही गेलं नाही. पण या वेळी आधी वही घेतली. पहिली अट ही की काउंटरला हात लावायचा नाही. बँकेत वेगळं खातं उघडलं. दीड लाखाची आरडी पूर्ण होईपर्यंत गाडी बघायलासुद्धा गेलो नाही, कारण मी बघायला गेलो की घेऊनच येतो, हे मला माहीत आहे. त्यानंतर दरमहा बारा हजार, दीड वर्षं. म्हणजे हातात एकूण साडेतीन लाखांच्या थोडं वर.

ते साडेतीन लाख असे वाटले : गाडीला जास्तीत जास्त दीड लाख, कागदपत्रांना वीस हजार, बॉडीला ऐंशी हजार, इंजिन-गिअरबॉक्सला चाळीस, ब्रेक-टायर-वायरिंगला तीस आणि अडीअडचणीला तीस. इथे एक गोष्ट बघा. गाडीची किंमत एकूण बजेटच्या निम्म्यापेक्षा कमी आहे. बहुतेक जण इथेच फसतात. तीन लाख असले की तीन लाखांची गाडी बघायला जातात.

मग शोधताना मी मामांना विचारलं, यात काय पैसे देऊन परत मिळतं आणि काय मिळत नाही? हा प्रश्न तुम्ही कुठल्याही जुन्या वस्तूला लावू शकता, मग ती गाडी असो, जुनी प्रिंटिंग मशीन असो की चालू दुकानाची पगडी.

इंजिन मिळतं. इसुझूचं १.८चं इंजिन अॅम्बेसेडरमध्येही येत होतं, त्यामुळे त्याचे भाग शोधले की सापडतात. पिस्टन, बेअरिंग, हेड फेसिंग, बोअर हे सगळं आमच्या कोल्हापुरात उद्यमनगरला लेथवाल्यांकडे होतं. एखादा बुश मिळालाच नाही तर ते मापाने बनवून देतात. पण पुढची काच, टेल लॅम्पच्या काचा, ग्रिल, क्रोमचे बंपर, दारांची रबरं, डॅशबोर्ड? कंपनीच्या उत्तरपाड्याच्या कारखान्यातलं काम २०१४ मध्ये थांबलं, आणि कॉन्टेसा तर त्याच्या कितीतरी आधीच बंद झालेली. हे भाग कुठल्याही काउंटरवर मिळत नाहीत. पुण्याची नाना पेठ, मुंबईत कुर्ला, कोलकात्याचा मलिक बाजार, असं दारोदार फिरावं लागतं आणि भाव समोरचा सांगेल तो. तेव्हा गाडी "पूर्ण" हवी. चालू नसली तरी चालेल.

आणि पत्रा. कॉन्टेसाला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. दाराखालची पट्टी, पायाखालचा फ्लोअर, डिकीचा तळ, काचेचे खालचे कोपरे इथे पाणी साचतं. तिथे पत्रा सडला की गाडी आतून लुळी पडते. वरून लांबी भरून रंग मारला की गाडी नवीन दिसते, म्हणूनच चकाचक रंगाला मी आता घाबरतो. जुन्या स्पीकरमधला चुंबक काढा, फडक्यात गुंडाळा आणि दाराखालून, चाकाच्या कमानीवरून फिरवा. जिथे चुंबक चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी आहे. मॅट उचलून बघा. मालक मॅट उचलू देत नसेल तर चहा पिऊन निघा.

२०२४च्या जानेवारीत कराडजवळ एक गाडी मिळाली. १९९४ची, पेट्रोल १.८, मालक पहिलाच. निवृत्त प्राध्यापक. सहा वर्षं गाडी पोर्चमध्ये उभी, इंजिन धरलेलं. उन्हाने रंग उडालेला, त्यामुळे उघडा पत्रा स्वच्छ दिसत होता. माझ्या आधी चार जण इंजिन बंद म्हणून परत गेले होते. सर म्हणाले, एक नव्वद. मी म्हटलं, "सर, इंजिन पूर्ण खोलायला लागणार असं धरून चाललोय, माझ्याकडे एवढंच बजेट आहे," आणि सरळ वहीच दाखवली. त्यांनी चष्मा लावून पूर्ण पान वाचलं, एका ठिकाणी माझी बेरीज तपासली आणि १ लाख ४५ हजाराला गाडी दिली. वर मूळ टूलकिट आणि सगळ्या सर्व्हिसच्या पावत्या.

आता इंजिनाचं ऐका. मामांनी प्लग काढून सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल मिसळून सोडलं, चार दिवस तसंच ठेवलं, पाचव्या दिवशी पाना लावून हाताने हळूहळू फिरवलं. सुटलं! चाळीस हजार धरले होते, कार्ब्युरेटर, क्लच वगैरे धरून सव्वीस हजारात काम झालं. हे नशीब होतं, मी त्यावर अवलंबून नव्हतो. तुम्हीही राहू नका.

कागदाचा खर्च

घ्यायच्या आधीच नंबर टाकून ऑनलाइन बघा. दंड बाकी आहेत का, गाडीवर बँकेचा बोजा आहे का, नोंदणीची मुदत कधी संपते. आरसीवरचा चासी आणि इंजिन नंबर गाडीवर टॉर्च मारून स्वतः जुळवा. खूप जुन्या आरसी पुस्तकाची नोंद कॉम्प्युटरवर नसते, ती आधी चढवून घ्यावी लागते आणि त्याला वेळ लागतो. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फेरनोंदणी. माझ्या वेळी त्याची सरकारी फी ५,००० रुपये होती. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारला ती १०,००० झाली, आणि कुठलीही कॉन्टेसा आता वीस वर्षांच्या वरचीच. मुदत संपून गेली असेल तर केंद्राच्या नियमात महिन्याला ५०० रुपये विलंब शुल्क आहे, म्हणजे दहा वर्षं झोपलेली आरसी किती महाग पडेल ते तुम्हीच मोजा. पर्यावरण कर, नवी नंबर प्लेट, विमा, पीयूसी वेगळं. माझे सगळे मिळून बावीस हजार गेले.

काही जण विचारतात, व्हिंटेजमध्ये नोंदवता येईल का? नाही. त्याला गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी लागते.

बजेट कुठे फाटलं

बॉडीत. ऐंशी हजार धरले, १ लाख १८ हजार गेले. चूक माझीच. सुरुवातीला टिंकरशी पूर्ण गाडीचं गुत्तं ठरवलं, त्यात त्याला घाई आणि मला संशय. मग मोडून कामाप्रमाणे दर ठरवले : फ्लोअरचा वेगळा, दाराखालच्या पट्ट्यांचा वेगळा, डिकीचा वेगळा. जुना पत्रा कापल्याचा फोटो आला की पुढचा हप्ता. फेब्रुवारीत काम काढलं आणि जूनच्या आत प्रायमर मारून घेतला, कारण आमच्याकडच्या पावसात उघडा पत्रा एका रात्रीत तांबडा होतो. एका टेल लॅम्पच्या काचेसाठी मात्र दोन महिने गाडी अडली.

एका वेळी एकच काम खोला. आधी ब्रेक, ते पूर्ण, मग वायरिंग. सगळी गाडी एकदम सुटी केली की बोल्ट डब्यात, उत्साह गावाला आणि गाडी भंगारात.

ब्रेक-टायर-वायरिंगला सत्तेचाळीस हजार. एकूण ३ लाख ५८ हजार. जून २०२५ मध्ये गाडी स्वतःच्या चाकांवर शेडमधून बाहेर आली.

आता तुमचा खरा प्रश्न, यात धंदा आहे का? मामांनी गावात एक-दोघांना विचारून आज साडेचार लाखांचा अंदाज दिला. वरचे ब्याण्णव हजार दिसतात, पण दीड वर्षातल्या माझ्या संध्याकाळी आणि रविवार त्यात धरलेच नाहीत. एका पोराला तासाला शंभर रुपये दिले असते तरी ते संपले असते. लग्नाला, प्री-वेडिंग शूटला भाड्याने द्यायचं म्हणाल तर पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने देता येत नाही, त्याला परवाना लागतो. जुन्या गाड्या घेऊन-विकून धंदाच करायचा असेल तर जीएसटी नोंदणी असलेल्याला फरकावर १८ टक्के कर आहे, तोही आधी मांडा. मी या गाडीला माझ्या वहीत "शौक" असंच नाव दिलंय, "गुंतवणूक" नाही. रविवारी दुकानासमोर लावतो, लोक थांबतात, फोटो काढतात आणि जाताना ऐंशी रुपयांचं मायक्रोफायबर फडकं घेतात. ते मात्र काउंटरला जमा होतं.

मागच्या सीटचं रेक्झिन अजून फाटकंच आहे. तीन ठिकाणचे दर घेतलेत, सगळ्यात कमी साडेनऊ हजार. बायको म्हणाली, करून टाका आता. पण पावसाळा तोंडावर आहे आणि गाडीच्या खात्यातले या महिन्याचे बारा हजार कालच वायपर ब्लेडच्या ऑर्डरमध्ये गेले.