घोड्याच्या चालीतून उपचार! काय आहे ‘हिप्पोथेरपी’?

डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ मध्ये पोलिओ झाला. गुडघ्याखाली पाय लुळे पडले. तरीही १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये त्यांनी घोडेस्वारीच्या ड्रेसाज प्रकारात रौप्यपदक जिंकले. घोड्यावर चढा-उतरायला मात्र त्यांना मदत लागायची. घोड्याच्या मदतीने होणाऱ्या उपचारांकडे अनेकांचे लक्ष वळले ते त्यांच्यामुळे.

पण घोडाच का? घोडा चालताना त्याची पाठ पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलते, किंचित वळतेही. माणूस चालताना त्याची कंबरही जवळपास अशीच हलते. त्यामुळे सेरेब्रल पाल्सी असलेले, स्वतः चालू न शकणारे मूल घोड्यावर बसले की त्याच्या कमरेला चालण्याची लय मिळते. तोल सावरताना पाठीचे, पोटाचे स्नायू कामाला लागतात. अनेक मुलांना तर हा व्यायाम आहे असे वाटतही नाही!

मात्र माथेरानला मारलेली रपेट म्हणजे थेरपी नव्हे. घोडा हे साधन. वेग किती, थांबायचे कधी, मुलाला कोणत्या दिशेला तोंड करून बसवायचे, हे प्रशिक्षित थेरपिस्ट ठरवतो. याने सेरेब्रल पाल्सी बरी होत नाही, त्यामुळे नेहमीची फिजिओथेरपी बंद करू नये. फिट्स नियंत्रणात नसतील किंवा डाउन सिंड्रोममुळे मानेचे मणके सैल असतील, तर घोड्यावर बसणे धोक्याचे ठरू शकते. म्हणून आधी डॉक्टरांकडून तपासणी हवीच.