मुलाबरोबर ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ वाचताना

अमेरिकेतल्या अनेक हायस्कुलांत नववी-दहावीच्या इंग्रजीच्या वर्गात आफ्रिकी साहित्य म्हणून वर्षभरात एखादेच पुस्तक येते, आणि ते बहुधा चिनुआ अचेबे यांचे ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ असते. लंडनच्या हाइनमन प्रकाशनाने १९५८ साली काढलेली ही कादंबरी आकाराने लहान आणि भाषेने सोपी आहे. म्हणूनच मुले ती दोन दिवसांत संपवतात आणि निबंध लिहायला बसली की अडतात. आपल्या घरी हे पुस्तक आले असेल, तर ते मुलाबरोबर टप्प्याटप्प्याने कसे वाचावे, ते पाहू.

आधी नकाशा काढा. आफ्रिका हा चोपन्न देशांचा खंड आहे. त्यातला नायजेरिया हा एक देश, आणि त्या एका देशात पाचशेच्या वर भाषा. कादंबरी घडते आग्नेय नायजेरियात, नायजर नदीच्या पूर्वेला, इग्बो भाषा बोलणाऱ्या लोकांत. वर्गाच्या भिंतीवर मुखवटे, ढोल आणि सिंह यांचे ‘आफ्रिकी संस्कृती’ असे पोस्टर लागले की समजावे, सुरुवातच चुकली. या कादंबरीत मुखवटे आहेत, पण ते घालणारे पूर्वजांचे आत्मे म्हणून न्यायनिवाड्याला बसतात. त्यांना एग्वुग्वू म्हणतात.

मग काळ. कादंबरीत साल कुठेच दिलेले नाही. इंग्रज अधिकारी ‘आमच्या राणी’चे राज्य म्हणतो, म्हणजे १९०१ पूर्वीचा काळ. पण आबामे गावात सायकलवरून आलेल्या गोऱ्याला मारतात आणि पुढे त्या गावाची कत्तल होते, तो प्रसंग १९०५ मधल्या एका खऱ्या घटनेवर बेतलेला आहे. अचेबे इतिहासाचे पाठ्यपुस्तक लिहीत नव्हते, एवढे मुलाला सांगितले तरी पुरे.

लेखकाविषयी दोनच गोष्टी लक्षात ठेवा. अचेबे १९३० साली ओगिडी गावी जन्मले आणि त्यांचे वडील मिशनचे शिक्षक होते. म्हणजे कादंबरीत जे धर्मांतर होते, त्याच्या पुढच्या पिढीत लेखक वाढला. दुसरी गोष्ट: इबादानच्या विद्यापीठात त्यांना जॉइस कॅरी या आयरिश लेखकाची नायजेरियावरची कादंबरी वाचायला मिळाली. तिच्यातली माणसे त्यांना आपली वाटेनात. आपली गोष्ट आपणच सांगायला हवी, असे वाटण्यामागे तो अनुभव होता.

आता पहिला भाग. पंचवीस प्रकरणांपैकी तेरा या भागात आहेत आणि त्यांत गोरा माणूस जवळपास नाहीच. लग्ने, पिके, कुस्त्या, भांडणे चालू असतात. मुले कंटाळतात आणि विचारतात, गोष्ट केव्हा सुरू होणार? ती सुरू झालेलीच असते. पुढे काय मोडले हे कळायचे, तर आधी काय उभे होते ते पाहावे लागते. वेळ द्यायचा तो इथेच.

या भागात काही शब्द अडवतात. याम हा कोनफळ-करांद्यांच्या कुळातला मोठा कंद. अमेरिकी बाजारात ‘याम’ म्हणून विकले जाते ते बहुधा केशरी रताळे, त्यामुळे मुलाच्या डोळ्यांसमोर भलतेच चित्र येते. कादंबरीतल्या उमुओफिया गावात यामची कोठारे हीच पुरुषाची श्रीमंती. कोला ही एका झाडाची कडवट बी. पाहुणा आला की आपल्याकडे पानसुपारी पुढे करत, तशी ती फोडून देतात. बाजाराचा आठवडा चार दिवसांचा. इतक्यावर भागते. प्रत्येक इग्बो शब्दाला थांबून शब्दकोश उघडू नका, बरेचसे अर्थ संदर्भाने उलगडतात.

सातव्या प्रकरणाशी मात्र थांबा. इकेमेफुना हा दुसऱ्या गावाकडून भरपाई म्हणून मिळालेला मुलगा तीन वर्षे नायक ओकोंक्वोच्या घरी वाढतो, त्याला बाप म्हणतो. देववाणी होते की त्याला मारावे. गावातला एक वृद्ध ओकोंक्वोला बजावतो की तू यात हात घालू नकोस. तरी तो जातो, आणि भित्रा ठरू नये म्हणून स्वतः वार करतो. इथे वर्गात हमखास वाक्य येते: ‘ती त्यांची संस्कृतीच होती.’ मुलाला लगेच आठवे प्रकरण उघडायला सांगा. ओकोंक्वोचा मित्र ओबिएरिका तिथे त्याला सरळ दोष देतो. त्याच संस्कृतीतली दोन माणसे एकाच कृत्यावर भांडताहेत. माझ्या मते सगळ्या पुस्तकाची किल्ली या दोघांच्या बोलण्यात आहे.

बायकांच्या बाबतीतही तेच. ओकोंक्वो बायकांना मारतो, म्हणून ‘तिथे असेच चालते’ असा निष्कर्ष घाईने निघतो. पण शांततेच्या आठवड्यात बायकोला मारल्याबद्दल त्याला दंड होतो, आणि दहाव्या प्रकरणात बायकोला झोडणाऱ्या एका नवऱ्याचा निवाडा ते एग्वुग्वूच करतात. हा समाज स्त्रियांशी न्यायाने वागतो, असे यातून सिद्ध होत नाही. त्याला स्वतःचे नियम होते आणि ते मोडले की बोलले जायचे, इतके मात्र दिसते.

दुसऱ्या भागात ओकोंक्वो सात वर्षे आजोळी हद्दपार असतो आणि मिशनरी येतात. त्यांच्याकडे आधी कोण जाते, हे मुलाला शोधू द्या. जुळी जन्मली की त्यांना रानात टाकावे लागे, अशा मुलांची आई. इकेमेफुनाचे मरण न विसरलेला ओकोंक्वोचा स्वतःचा मुलगा न्वोये. आणि ओसू, म्हणजे देवाला वाहिलेले, वेगळे राहणारे, ज्यांच्याशी कोणी सोयरीक करत नाही असे लोक. मराठी वाचकाला हे पान वाचून दचकायला होते. जातीच्या बाहेर ठेवणे म्हणजे काय, हे त्याला समजावून सांगावे लागत नाही. जिथे आधीच भेगा होत्या, तिथूनच नवा धर्म आत शिरला. अचेबे हे झाकत नाहीत, म्हणून मला ते मोठे वाटतात.

तिसरा भाग वेगाने सरतो. शांत मिस्टर ब्राउन आणि आडमुठा रेव्हरंड स्मिथ या दोन मिशनऱ्यांतला फरक पाहा, म्हणजे ‘गोरे’ हाही एकजिनसी गट राहत नाही. शेवटचा परिच्छेद दोनदा वाचायला लावा. इतका वेळ आपण ज्या माणसाबरोबर राहिलो, त्याला आपल्या पुस्तकात किती जागा द्यावी, याचा इंग्रज अधिकारी तिथे विचार करतो, आणि आधी वाटलेल्या प्रकरणाचा परिच्छेद होतो.

शेवटी निबंध. ‘दोन संस्कृतींचा संघर्ष’ किंवा ‘ओकोंक्वो हा शोकांतिकेचा नायक’ हे विषय शिक्षकांनी ढिगाने तपासलेले असतात. मुलाला एकच प्रसंग निवडायला सांगा, ज्यावर कादंबरीतल्याच दोन व्यक्तींची मते वेगळी आहेत. पुरावे पुस्तकातच सापडतात आणि इंटरनेटवरचे तयार सारांश तिथे फारसे कामी येत नाहीत.

आणि एका पुस्तकावर थांबू नका. उन्हाळ्याच्या सुटीत फ्लोरा न्वापा यांची १९६६ ची ‘एफुरू’ घरी आणा. तीही इग्बो गावातलीच गोष्ट आहे, पण तिच्या मध्यभागी व्यापार करणारी एक स्त्री आहे.