शेवटच्या कडव्यातले वामनदादा

एप्रिल उजाडला की आपल्या धाराशिव जिल्ह्यात गायन पार्ट्यांच्या तारखा ठरू लागतात. कसबे तडवळ्याला तर 1941 च्या फेब्रुवारीत महार-मांग वतनदार परिषदेसाठी खुद्द बाबासाहेब आले होते. त्यांच्यावरचे गाणे इथे घरोघरी पाठ असते. पण ते लिहिले कोणी, असे पोरांना विचारा. गाणाऱ्याचेच नाव सांगतात!

त्यातली कितीतरी गाणी लोककवी वामनदादा कर्डकांची आहेत. जन्म 15 ऑगस्ट 1922 चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. पोटासाठी मुंबई गाठली, शिवडीच्या चाळीत राहिले. एकदा कुणीतरी पत्र वाचून मागितले. दादांना अक्षर येत नव्हते. ते मनाला फार लागले. मग देहलवी नावाच्या गुरुजींकडून बाराखडी घेतली आणि दुकानांवरच्या पाट्या वाचत वाचत जोडाक्षरे पक्की केली. पत्र न वाचता आलेल्या या माणसाचे पुढे 'वाटचाल', 'मोहळ' असे गीतसंग्रह निघाले.

सुरुवात मात्र गमतीची. 1943 मध्ये हिंदी सिनेमाच्या गाण्याचे विडंबन केले आणि चाळकरी हसले. दादा तिथेच थांबले असते तर आज कुणाला आठवले असते? त्याच सुमारास त्यांनी बाबासाहेबांना पाहिले, ऐकले आणि लेखणीची दिशा बदलली. चाली लोकांच्या ओठावरच्याच राहिल्या, आत विचार आला. श्रीमंतांच्या दौलतीत कष्टकऱ्याचा वाटा कुठे, हे ते भर मंचावरून विचारू लागले. आपल्यातल्या गटबाजीलाही त्यांनी सोडले नाही. आम्हाला त्यांची ही गाणी जयजयकाराच्या गाण्यांपेक्षा मोलाची वाटतात.

अमेरिकेत कापसाच्या शेतात राबणाऱ्या काळ्या मजुरांनी आपले दुःख असेच गाण्यात ओतले. त्याला 'ब्लूज' म्हणतात. मिसिसिपीत कापूस वेचलेला बी. बी. किंग त्यातूनच जगभर पोहोचला. त्याच्यामागे रेकॉर्ड कंपन्या होत्या. दादांची गाणी गावोगावच्या गायकांच्या गळ्यांनी वाहिली. दादा स्वतःही गावोगाव हिंडले. कार्यकर्त्याच्या घरी उतरायचे, भाकरी खायची, रात्री मंचावर उभे राहायचे.

दादा शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव गुंफत. वेळ कमी पडला की काही पार्ट्या नेमके तेच कडवे गाळतात. आयोजकांनी सुपारी देतानाच बजावावे, गाणे पुरे म्हणा. 15 मे 2004 रोजी दादा गेले. आता त्या कडव्यातच ते आपल्या मंचावर येतात.